बाबांचा ड्युरल फिस्टुला: तारेने बंद करायचा की ऑपरेशनने?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. वडिलांचं वय ६१. चक्कर आली म्हणून एमआरआय केला, त्यात कपाळामागे फुगलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या, मग डीएसए (तार घालून, रक्तवाहिन्यांत रंग सोडून काढलेली एक्स-रे चित्रं) झाली. रिपोर्टमध्ये आलं: ॲन्टिरियर क्रेनियल फॉसामधला (कवटीच्या तळाचा पुढचा भाग) ड्युरल आर्टेरिओव्हेनस फिस्टुला, कोग्नार्ड टाइप ४, रक्तस्राव झालेला नाही. एका न्यूरोसर्जननी कवटी उघडून ऑपरेशन करायला सांगितलं. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये म्हणाले की जांघेतून तार घालून औषध भरता येईल, चिरफाड नको. आणि घरातल्या मंडळींचं म्हणणं, माणूस रोज सकाळी तासभर चालून येतो, चक्कर कानामुळे आली होती आणि ती थांबली, मग हात लावायचाच कशाला? त्यातच दोन महिन्यांवर बहिणीचं लग्न आलंय, तोवर थांबलं तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय.

मी न्यूरोसर्जन आहे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची ऑपरेशन्स हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. बाबांची सीडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे रिपोर्ट बरोबर आहे असं धरूनच पुढचं लिहितोय. सर्जन म्हटल्यावर ऑपरेशनचीच बाजू घेणार असं वाटू शकतं, म्हणून हेही सांगतो: माझ्याकडे येणारे बहुतेक ड्युरल फिस्टुला मी आमच्या इंटरव्हेन्शनच्या, म्हणजे तारेने उपचार करणाऱ्या, सहकाऱ्यांकडे पाठवतो. बाबांचा मी पाठवला नसता. का, ते सविस्तर सांगतो.

‘ऑपरेशन की तार’ हा प्रश्न तिसऱ्या पायरीवरचा आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. फिस्टुलातलं रक्त कुठल्या शिरेत जातंय? आणि त्या शिरेच्या मुळापर्यंत, डोळ्याला धोका न पोचवता, कुठल्या वाटेने जाता येतं? ही दोन उत्तरं मिळाली की तिसरं बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

मेंदूभोवती जे जाड आवरण असतं त्याला ड्युरा म्हणतात. त्या आवरणाच्या स्वतःच्या बारीक धमन्या असतात. त्यांतली एखादी, मधल्या केशवाहिन्या वगळून, सरळ शिरेला जोडली गेली की झाला ड्युरल फिस्टुला. धमनीतलं रक्त जोराने येतं, शिरेची भिंत पातळ असते. बोअरच्या मोटारीचा पाइप थेट न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या नळीला जोडला तर जे होईल तेच इथे होतं. नळी काही काळ तग धरते, फुगते, आणि जिथे कच्ची असेल तिथे फुटते.

इंटरनेटवर शोधलंत तर ‘एव्हीएम’ची माहिती पुढे येईल आणि घाबरायला होईल. ते वेगळं दुखणं आहे. एव्हीएममध्ये मेंदूच्या आतच वाहिन्यांचं जाळं असतं आणि ते मेंदूतून सोडवून काढावं लागतं. ड्युरल फिस्टुलाची चूक आवरणात असते, मेंदू स्वतः निरोगी असतो. हे दुखणं बहुतेकदा जन्मजात नसतं, साधारण पन्नाशी-साठीत समोर येतं. कधी डोक्याला मार लागल्यावर, कधी सायनसमध्ये (नाकाचा सायनस नव्हे, ड्युरातली मोठी शीर) गुठळी होऊन गेल्यावर होतं, पण पुष्कळदा कारण सापडतच नाही. सहसा आनुवंशिक नसतं, त्यामुळे तुम्हा भावंडांना यासाठी तपासण्या करून घ्यायची गरज नाही.

आता घरच्यांच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो रास्त आहे. त्रास नसलेल्या माणसाची कवटी का उघडायची?

ड्युरल फिस्टुला म्हटल्यावर पुष्कळांना कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं आवाज येतो, कारण तो फिस्टुला कानामागच्या सायनसवर असतो. काहींचा डोळा लाल होतो, पुढे येतो, कारण तो डोळ्यामागच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये असतो. बाबांचा फिस्टुला नाकाच्या छताच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या हाडावर आहे. तिथून कानापर्यंत आवाज पोचत नाही आणि डोळ्यातल्या शिरांवरही सहसा दाब येत नाही. ही जागा मुकी आहे. तिची पहिली ओळख बहुतेक वेळा रक्तस्रावानेच होते. बाबांचा फिस्टुला फुटण्याआधी सापडला, हे दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमुळे. त्रास नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ या जागेपुरता तरी काढता येत नाही.

धोका मोजायचा तो शिरेवरून. कोग्नार्ड यांचं वर्गीकरण १९९५ साली २०५ रुग्णांवरून मांडलं गेलं. त्याच वर्षी बॉर्डन यांचंही आलं, ते जरा सोपं आहे, पण दोघांचा गाभा एकच. रक्त ड्युरातल्या मोठ्या सायनसमध्ये, योग्य दिशेने जात असेल तर टाइप १. अशा रुग्णाला मी बहुधा ‘राहू द्या, वर्षाने पुन्हा दाखवा, आवाजात बदल झाला तर लगेच या’ एवढंच सांगतो. सायनसमध्ये जाऊन उलटं फिरत असेल तर टाइप २. सायनस मध्ये न येता थेट मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरेत जात असेल तर टाइप ३. आणि तीच शीर ताणून फुगा धरू लागली की टाइप ४. टाइप ५ मध्ये रक्त मज्जारज्जूच्या शिरांकडे उतरतं, त्याचा इथे संबंध नाही.

त्या २०५ रुग्णांमध्ये टाइप ३ च्या ४० टक्के आणि टाइप ४ च्या ६५ टक्के लोकांना रक्तस्राव झालेला होता. हा आकडा वाचून दचकू नका. हॉस्पिटलपर्यंत आलेल्या लोकांचा तो हिशोब आहे, आणि त्यातले बरेच रक्तस्राव झाला म्हणूनच आले होते. बाबांना उद्या ६५ टक्के धोका आहे असं त्यातून निघत नाही. वर्षाला किती धोका, याची उत्तरं वेगवेगळी आहेत. टोरांटोच्या गटाने २००२ साली, मेंदूच्या शिरांत रक्त उलटं जाणाऱ्या आणि उपचार न झालेल्या रुग्णांत वर्षाला ८.१ टक्के रक्तस्रावाचा दर दिला. स्टॉकहोमच्या गटाने २००८ साली त्यात फोड केली: आधी रक्तस्राव झालेल्यांत वर्षाला सुमारे ७.४ टक्के, न झालेल्यांत सुमारे १.५ टक्के.

बाबा दुसऱ्या गटात बसतात, पण शीर फुगलेली आहे, म्हणून १.५ वर विसंबायला मी तयार नाही. आणि १.५ धरला तरी तो दर वर्षाचा आहे. एकसष्टीचा, रोज तासभर चालणारा माणूस अजून वीस वर्षं सहज जगेल. फुटला तर रक्त कपाळामागच्या मेंदूत जातं. तिथे इजा झाली तर हातपाय चालतातही, पण माणसाचा स्वभाव, निर्णय घेण्याची ताकद, बोलण्यातला उत्साह बदलतो. घरच्यांना ते लकव्यापेक्षा जड जातं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. गोळ्यांनी हा फिस्टुला बंद होत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बाबांचा फिस्टुला बंद करायला हवा. हेच वय ८५ असतं, हृदयाचं पंपिंग फार कमी असतं किंवा दुसरा एखादा असाध्य आजार असता, तर मी वेगळं बोललो असतो. तसं काही असेल आणि प्रश्नात लिहायचं राहिलं असेल, तर हे सगळं उत्तर पुन्हा तपासावं लागेल.

बंद करायचा म्हणजे नेमकं काय? इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, घरच्यांचाही आणि कधी कधी डॉक्टरांचाही. लोकांना वाटतं, रक्त आणणाऱ्या धमन्या बंद केल्या की झालं. नाही होत. ड्युराला चहूबाजूंनी बारीक धमन्या असतात. दोन बंद केल्या की काही महिन्यांत चार नव्या रक्त आणू लागतात. फिस्टुला कायमचा मरतो तो शिरेचं मूळ बंद झाल्यावर, म्हणजे ड्युरातून शीर जिथे बाहेर पडते तो पहिला सेंटीमीटरभर भाग. तार घाला किंवा कवटी उघडा, पोचायचं तिथेच असतं.

हे कळायलाही वेळ लागला. एके काळी सर्जन ड्युराचा रोगट भाग, प्रसंगी सायनससकट, कापून काढत. त्यात रक्त प्रचंड जाई. १९७७ साली केंडल आणि लोग यांनी पाठीच्या कण्यातल्या अशाच फिस्टुलात दाखवून दिलं की चूक ड्युरात असते आणि तिथून निघणारी शीर तोडली की पुरतं. मेंदूच्या बाबतीत तोच विचार नव्वदच्या दशकात पक्का झाला. १९९६ मध्ये कोलीचे आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी सायनसमध्ये न जाणाऱ्या फिस्टुलात फक्त शीर तोडून तो पूर्ण बंद होतो हे मांडलं. बाबांचा प्रकार नेमका हाच.

आता वाट. तारेच्या उपचारात कॅथेटर धमनीतून फिस्टुलाजवळ नेतात आणि ऑनिक्स किंवा ग्लू ही वाहिनी आतून बंद करणारी औषधं सोडतात. ऑनिक्स हे डीएमएसओमध्ये विरघळवलेलं पॉलिमर असतं, त्यात टँटॅलम धातूची पूड असते म्हणून ते एक्स-रेच्या पडद्यावर काळं सरकताना दिसतं. कानामागच्या बऱ्याच फिस्टुलांत मिडल मेनिंजियल धमनी (ड्युराची मुख्य धमनी) ही त्यासाठी उत्तम वाट असते: सरळ, लांब, आणि नीट जपून काम केलं तर बरीच सुरक्षित. ऑनिक्स तिथून ढकलत शिरेच्या मुळापर्यंत नेता येतं. कॅव्हर्नस सायनसच्या फिस्टुलात शिरेच्या बाजूने जाऊन कॉइल (धातूच्या बारीक तारेची वेटोळी) भरतात. या दोन्ही ठिकाणी मी सुरी हातात घ्यायला फार क्वचित जातो.

बाबांच्या जागी रक्त आणणाऱ्या मुख्य धमन्या आहेत एथमॉइडल धमन्या, आणि त्या निघतात डोळ्याच्या ऑफ्थॅल्मिक धमनीतून. त्याच ऑफ्थॅल्मिक धमनीतून, एथमॉइडल फांद्यांच्या आधीच, सेंट्रल रेटिनल धमनी निघते. ती दृष्टिपटलाला रक्त देते. कॅथेटर तिच्या पुढे पुरेसं गेलं नाही, किंवा औषध थोडं मागे सरकलं, तर त्या डोळ्याची नजर कायमची जाते. दुसरी अडचण म्हणजे ही वाट बारीक आणि नागमोडी असते, त्यामुळे औषध शिरेच्या मुळापर्यंत पोचायच्या आत धमनीतच अडकू शकतं. मग चित्रात धमनी बंद दिसते, पण फिस्टुला जिवंत राहतो.

तारेने हे काम होतच नाही असं मी म्हणणार नाही. काही केंद्रांत शिरेच्या बाजूने, डोक्यावरच्या सॅजिटल सायनसमधून उलटं उतरून या मुळापर्यंत जातात. काही रुग्णांत मिडल मेनिंजियलची एखादी जाड फांदी इथवर आलेली असते. बाबांच्या सीडीत अशी वाट असेल आणि करणारा हात सरावलेला असेल, तर तो रास्त पर्याय आहे. फक्त शिरेच्या वाटेने जाताना एक लक्षात घ्या, की बाबांची शीर फुगलेली, ताणलेली आहे, आणि तिच्यातूनच कॅथेटर न्यायचं आहे.

ऑपरेशनची गोष्ट उलटी आहे. बऱ्याच फिस्टुलांना सर्जनला पोचणं कठीण. हा मात्र कवटीच्या तळाशी, अगदी पुढे बसलेला. कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागे चीर घेऊन (काही वेळा भुवईतूनही) हाडाचा छोटा तुकडा काढतात. ड्युरा उघडून मेंदूतलं पाणी हळूहळू काढलं की मेंदू स्वतःच मागे बसतो, त्याला ओढावं लागत नाही. मग मायक्रोस्कोपखाली वासाच्या मज्जातंतूच्या कडेने पुढे गेलं की नाकाच्या छतावरच्या ड्युरातून वर येणारी ती शीर दिसते. ती ओळखायला अवघड नसते. बाकीच्या शिरा निळसर असतात, ही धमनीसारखी लाल असते, आणि आत रक्ताचे भोवरे फिरताना दिसतात.

तिच्या मुळाशी, ड्युराला अगदी चिकटून, आम्ही आधी तात्पुरती क्लिप लावतो. मुळापासून लांब लावून चालत नाही, कारण मधला तुकडा दाबाने फुटू शकतो. क्लिप लावल्यावर थांबायचं. मिनिटभरात शीर सैल पडते, लाल रंग उतरत जातो आणि ती इतर शिरांसारखी काळसर निळी होते. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. हातातल्या शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हा रंग देतात आणि मायक्रोस्कोपच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली बघतात. आधी हीच शीर धमन्यांच्या बरोबरीने चमकत होती, आता ती इतर शिरांबरोबर, उशिरा चमकायला हवी. तसं दिसलं की शीर जाळून कापतात. मेंदूतून काही काढावं लागत नाही, फुग्यालाही हात लावावा लागत नाही; दाब गेला की तो आपोआप आक्रसतो. ही जागा ऑपरेशनने बंद होण्याचं प्रमाण प्रकाशित मालिकांमध्ये ९० टक्क्यांच्या वर, अनेक मालिकांत शंभराच्या जवळ आहे. माझा अनुभवही त्याला धरून आहे.

धोके आहेत, ते सांगतो. वासाची जाणीव कमी होऊ शकते किंवा जाऊ शकते. ज्याला खाण्याची आवड आहे त्याने हे हलक्यात घेऊ नये. कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणजे फ्रंटल सायनस, मोठा असेल तर हाड काढताना तो उघडतो, मग तो नीट बंद करावा लागतो, नाहीतर नाकातून मेंदूचं पाणी येतं आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. फिट येऊ शकते, म्हणून काही आठवडे किंवा महिने त्याच्या गोळ्या देतात. भूल, रक्तदाब, मधुमेह, हृदय यांचा नेहमीचा हिशोब वेगळा. बाबा ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती कशासाठी चालू आहे हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका, आणि सर्जनला सांगायचंही विसरू नका.

दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा जा, सीडी घेऊन, नुसता रिपोर्ट नको. तार सुचवणाऱ्यांना विचारा: कॅथेटर कुठल्या धमनीतून किंवा शिरेतून नेणार? ऑफ्थॅल्मिक धमनीतून असेल तर रेटिनल धमनीच्या पुढे जाता येईल याची खात्री चित्रात कुठे दिसते? औषध शिरेच्या मुळात पोचलं नाही तर पुढचा बेत काय? सर्जनला विचारा: या जागेचे फिस्टुला तुम्ही केलेत का? शीर उजवी की डावी, आणि चीर कुठल्या बाजूने? ऑपरेशननंतर डीएसए करून बंद झाल्याची खात्री करणार ना? हे प्रश्न विचारल्यावर चांगला डॉक्टर चिडत नाही. तो पडद्यावर चित्र लावतो आणि बोट ठेवून दाखवतो. तुम्हीही बघा. धमन्या भरत असतानाच, म्हणजे बाकीच्या शिरा अजून दिसतही नसताना, कपाळाच्या तळातून एक वाकडीतिकडी रेघ वर जाते. तीच ती शीर. डीएसएमध्ये दोन्ही बाजूंच्या आतल्या आणि बाहेरच्या कॅरोटिड (मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या) धमन्या वेगवेगळ्या तपासल्या आहेत ना, हेही विचारून घ्या. या फिस्टुलाला दोन्ही बाजूंनी रक्त येणं नेहमीचं आहे, आणि एक बाजू राहिली असेल तर बेत अर्धवट माहितीवर ठरतो.

गॅमा नाइफबद्दल (चीर न घेता नेमक्या जागी किरण देण्याचा उपचार) कोणी सुचवलं असेल तर: त्याचा परिणाम व्हायला साधारण एक ते तीन वर्षं लागतात आणि तेवढा काळ धोका तसाच राहतो. ऑपरेशन शक्य असलेल्या टाइप ४ साठी मी ते सुचवणार नाही.

लग्नाचं. रक्तस्राव झालेला असता तर एक दिवसही थांबू नका म्हणालो असतो, कारण पहिल्या रक्तस्रावानंतर दोनेक आठवड्यांत पुन्हा होण्याचा धोका फार मोठा असतो. बाबांना झालेला नाही, त्यामुळे ही रात्रीतून पळायची वेळ नाही. पण ‘लग्न होऊ दे, मग दिवाळी, मग बघू’ असं होतं हे मी पुष्कळदा पाहिलंय. माझा सल्ला, ऑपरेशन लग्नाच्या आधी करून घ्या. आता लगेच केलंत तर गुंतागुंत न होता बाबा साधारण आठवडाभरात घरी येतील, आणि दोन महिन्यांनी मांडवात बसायला हरकत नसावी. दगदग आणि जागरण मात्र त्यांच्या वाट्याला नको. ते जमतच नसेल तर निदान ऑपरेशनची तारीख आजच ठरवा आणि ती लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातली असू द्या. तोवर रक्तदाब काबूत ठेवा. अचानक आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं दुखलं, उलटी झाली, फिट आली, बोलणं अडखळलं किंवा वागणं बदललं, तर घरगुती उपाय न करता थेट न्यूरोसर्जरी आणि सीटी स्कॅन दोन्ही चोवीस तास असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या, आणि डीएसएची सीडी बरोबर घ्या.

उपचार कुठलाही घेतलात तरी शेवटची डीएसए चुकवू नका. ‘बाबा बरे आहेत, आता परत तार कशाला’ असं घरी म्हणतील. बाबा आत्ताही बरेच आहेत. त्यांच्याकडे बघून फिस्टुला बंद झाला की नाही हे तेव्हाही कळणार नाही. ती तपासणी स्वच्छ आली की पुढे काही महिन्यांनी एकदा तपासून घ्यायचं, ते कसं आणि कधी हे तुमचे सर्जन ठरवतील. सीडी दाखवून झाली की दोघांची उत्तरं इथेच लिहा, मी वाचेन.